डाव्या सीटवरची धडधड

मी गाडी चालवायला शिकवते. कर्वेनगरात बाई शिकवते म्हटल्यावर बायकाच जास्त येतात. कॉलेजच्या मुली, नवऱ्याशी भांडून आलेल्या, नवरा गेल्यावर नाइलाजानं आलेल्या. माझी जागा डावीकडची. माझ्याही पायांशी एक ब्रेक आणि एक क्लच असतो, आणि तो आहे हे माहीत असल्यामुळे शिकणारी बाई स्टिअरिंगला हात लावायचं धाडस करते. शेजारची घाबरलेली असताना आपण घाबरायचं नाही, एवढंच खरं तर माझं काम. बाकी गिअर वगैरे कोणीही शिकवू शकतं.

त्या दिवशी बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई शिकत होत्या. साठीच्या, पण स्टिअरिंगवर हात चांगला स्थिर असलेल्या. आम्ही म्हात्रे पुलावर होतो. सकाळची वेळ, गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. काहीही झालं नव्हतं. हे वाक्य मी नंतर इतक्या लोकांना सांगितलं की ते पाठ झालं. कोणी आडवं आलं नव्हतं, भांडण नव्हतं, वाईट बातमी नव्हती. मी त्यांना दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर यायला सांगत होते आणि वाक्याच्या मध्येच माझ्या तळहातांना मुंग्या आल्या. मग कान भरून आले. मग छातीत असं काही सुरू झालं की मला वाटलं, बाहेरूनही दिसत असणार. हवा होती, पण ती आत जात नव्हती. आणि एकदम खात्री पटली, शंका नव्हे, खात्रीच, की मी आता मरणार.

"गाडी बाजूला घ्या," मी म्हणाले.

"पुलावर?"

"पूल संपला की घ्या. लगेच."

त्यांनी आरसा बघितला, इंडिकेटर दिला, पुलाच्या टोकाशी गाडी कडेला आणली, हँडब्रेक ओढला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या मदतीशिवाय गाडी लावली होती. आनंदानं माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बरोबर लावली ना, मॅडम?" आणि मग त्यांनी माझा चेहरा बघितला.

त्याच मला रिक्षात घालून हॉस्पिटलात घेऊन गेल्या. छातीला वायरी चिकटवून आलेख काढला, रक्त घेतलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं कागद बघितला आणि म्हणाला, "सगळं नॉर्मल आहे." तोवर माझी छातीही शांत झाली होती. मला लाज वाटली. एवढ्या आरडाओरड्यानंतर निदान काहीतरी निघायला हवं होतं.

"मग हे काय होतं?"

"ॲसिडिटी असू शकते. टेन्शन घेता का?"

"नाही."

"मग घेऊ नका," असं म्हणून त्यानं पित्ताची गोळी लिहून दिली. चाकणहून कंपनीतून अर्धी रजा टाकून नवरा धावत आला. पहिला प्रश्न, "काय खाल्लं होतंस?"

दुसऱ्यांदा भाजी घेताना झालं. तिसऱ्यांदा कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला. त्यानंतर मात्र झटका येणं हा आजार राहिला नाही, त्याची वाट बघणं हाच आजार झाला. बोलता बोलता माझी दोन बोटं मनगटावर जायची. नाडी नीट असली तर वाटायचं, आता बिघडेल. जलद असली तर वाटायचं, झालंच सुरू. चहा सोडला. मग जिने चढणं सोडलं, कारण जिन्यावर छाती धडधडते आणि ती कसली धडधड हे मला ओळखू येईना. पूल टाळायला लागले. कर्वेनगराच्या एका अंगाला नदी आहे. पूल टाळायचे ठरवले की अर्धं पुणं आपोआप हातचं जातं. मी शिकवण्यासाठी बायकांना डहाणूकर कॉलनी, हिंगणे, वारजे आणि परत डहाणूकर अशी फिरवायला लागले. त्यातली एक शेवटी म्हणाली, "मॅडम, निदान रिव्हर्स तरी दुसऱ्या गल्लीत शिकू या. इथले कुत्रे आता शेपूट हलवायला लागलेत."

मी हसले. आणि हसताना छातीत कसं होतंय ते तपासलं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी थायरॉइड, साखर, हृदयाचे फोटो, सगळं करून घेतलं. सगळे रिपोर्ट टेबलावर पसरून म्हणाले, "तब्येत उत्तम आहे. आता मनाच्या डॉक्टरांकडे जा." नवऱ्यानं गाडीत बसल्यावर रिपोर्टची फाइल सीटखाली सारली. मग म्हणाला, "जाऊ या. कोणाला सांगायचं नाही म्हणजे झालं."

त्या डॉक्टरबाईंचा दवाखाना कसबा पेठेत, पुलापलीकडे होता; नवरा गाडी चालवत असताना मी पुलावर डोळे मिटून घेतले. गल्ली इतकी अरुंद की गाडी लांब लावून चालतच जावं लागायचं. वाटेत तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांचा आवाज येत होता आणि मी त्या ठोक्यांशी माझी नाडी जुळवत चालले होते. ठोके जलद झाले की मीही घाबरायचे. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसांकडे मी चोरून बघितलं. वेडं कोणी दिसेना. सगळे बँकेत नंबर लागायची वाट बघत असल्यासारखे बसले होते.

डॉक्टरबाई साठीच्या. चष्मा कपाळावर चढवलेला, आवाज कोरडा.

"काय होतं?"

"मरणार असं वाटतं."

"मग मरता का?"

मला राग आला. "नाही."

"प्रत्येक वेळी खात्री वाटली?"

"हो."

"आणि प्रत्येक वेळी चुकलात." त्यांनी चष्मा खाली घेतला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "अहो, थट्टा करत नाहीये मी. हे फार भयंकर असतं. माणसाच्या वाट्याला येणाऱ्या वाईटांतल्या वाईट गोष्टींपैकी हे एक आहे. पण यानं माणूस मरत नाही. धोका नसताना शरीर पळायच्या तयारीला लागतं. पळायला जागा नसली की ते असं करतं. याला पॅनिक अटॅक म्हणतात आणि यावर उपचार आहेत."

एवढं साधं ऐकूनच मला रडू फुटलं. माझं जे होतं त्याला नाव होतं.

त्यांनी दोन गोळ्या दिल्या. "ही रोजची. सकाळी नाश्त्यानंतर. हिचा गुण यायला काही आठवडे लागतील. सुरुवातीला उलट जास्त बेचैन वाटेल. तेव्हा मला शिव्या द्या, पण गोळी आपल्या मनानं बंद करू नका. ही दुसरी, लहान. अगदीच असह्य झालं तर अर्धी. थोड्याच देते आहे आणि थोड्याच दिवसांसाठी, कारण हिची सवय लागू शकते." लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

"गाडी शिकवते."

पेन थांबलं. "सध्या नाही. या गोळीनं गुंगी येते, हात-पाय मंद होतात. मी सांगेपर्यंत गाडीत बसायचं ते मागच्या सीटवर."

"हाच माझा धंदा आहे."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

ज्या ड्रायव्हिंग स्कूलसाठी मी शिकवते त्याच्या मालकांना मी फोनवर सांगितलं, पाठ धरली आहे, विश्रांती सांगितली आहे. त्यांनी आस्थेनं एक तेल पाठवून दिलं.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून पायांत वळवळ होते. गोळी सुरू झाल्यावर मला सारख्या जांभया यायच्या, जबडा आवळून धरल्यासारखा व्हायचा, अन्न बघवत नसे. आणि बसवत तर मुळीच नसे. मी स्वयंपाकघरातले डबे काढून पुसायचे, परत लावायचे, लावलेले आवडायचे नाहीत, परत काढायचे. टीव्ही लावून दोन मिनिटांत बंद करायचे. फोन हातात घ्यायचे आणि का घेतला ते विसरायचे. मग सोसायटीच्या आवारात खाली जाऊन फेऱ्या घालायचे. इमारतीभोवती एक, पार्किंगमधून एक, परत इमारतीभोवती. वॉचमनकाका पहिले काही दिवस नुसते बघत होते. मग एकदा उठून जवळ आले.

"मॅडम, काही हरवलंय का?"

"हो," मी म्हणाले. "किल्ली."

ते बिचारे माझ्याबरोबर शोधायला लागले. झुडपांत, गाड्यांच्या खाली वाकून वाकून. मला खरं सांगता येईना आणि थांबवताही येईना. शेवटी मीच खिशातून किल्ली काढली आणि सापडली म्हणून सांगितलं. त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

नवरा घरी आला की चेहऱ्याकडे बघून आज कसं होतं ते ओळखायचा प्रयत्न करायचा. त्याचं ते बघणंही मला सहन होईना. त्यानंच नागपूरला माझ्या बाबांना फोन केला असणार, कारण एका सकाळी बाबा बॅग घेऊन दारात उभे राहिले.

बाबा टपाल खात्यातून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून एकटे राहतात. आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतलेली, त्यामुळे घरात सकाळची वंदना लहानपणापासूनची. पण बाबा पुढे ध्यानालाही लागले. रोज पहाटे पाठ ताठ करून बसतात, उठल्यावर चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ असतो. मी लग्न होऊन पुण्याला आले, इथली भाषा उचलली, पण बाबांशी बोलताना जीभ अधूनमधून आपोआप नागपूरला जाते.

त्यांनी पहिल्याच दिवशी गोळीच्या खोक्यातला कागद मागून घेतला आणि भिंग लावून वाचला. "हे पाय तं," ते म्हणाले. "दुष्परिणामांमध्ये काय लिहून आहे? अस्वस्थता. अस्वस्थतेसाठी गोळी आणि गोळीनं अस्वस्थता. काय करून राहिलीस तू हे?"

"डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाबा. आधी वाढतं म्हणून."

"आणि मग?"

"मग कमी होतं."

"कवा?"

ते मलाही माहीत नव्हतं. बाबा मायेनं म्हणाले, "माझ्यासोबत बस सकाळी. काही करायचं नाही. श्वास आत जाते, बाहेर येते, फक्त पाहायचं. तो तुझाच श्वास आहे, तुले खाणार थोडीच आहे."

मी बसले. मलाही ते हवं होतं. बाबांसारखा चेहरा मला हवा होता. हॉलमध्ये दोन आसनं घातली, डोळे मिटले. श्वास बघायला लागले आणि पहिली गोष्ट दिसली ती ही की तो उथळ आहे. मग वाटलं, पुढचा येईल ना? आला. त्याच्या पुढचा? आता मी बघितलं नाही तर तो थांबेल असं वाटायला लागलं, म्हणून मी स्वतःच ओढायला लागले. बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले. "बाबा," मी म्हणाले, "बाबा, मले काहीतरी होऊन राहिलं," आणि आसनावरून उठून गॅलरीकडे पळाले, गॅलरीतून परत दाराकडे, दार उघडलं, बंद केलं. बाबा मागे मागे. त्यांनी मला कधी असं बघितलं नव्हतं. मी त्यांच्या सदऱ्याची बाही इतकी आवळून धरली होती की शिवण उसवली. अर्धी गोळी घेतली आणि भिंतीला टेकून बसले. हळूहळू ओसरलं.

बाबा समोर जमिनीवर बसले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. उसवलेली बाही ते चिमटीत धरून होते. दुपारी म्हणाले, "मी येतो तुझ्या डॉक्टरकडे."

पुढच्या भेटीला ते स्वच्छ सदरा घालून आले. डॉक्टरबाईंना नमस्कार केला आणि सरळ विषयाला हात घातला.

"मॅडम, एक विनंती आहे. बीपीची गोळी घेतो तशीच ही, हे उदाहरण देऊ नका. ते आमच्या जावयानं दिलं, शेजारच्या मेडिकलवाल्यानं पण दिलं."

डॉक्टरबाईंनी चष्मा वर केला. "बरं. नाही देत. विचारा."

"ही गोळी माणसाचं मन बदलवते का?"

"नाही. मन तेच राहतं. भीतीची उडी लहान होते, एवढंच. बाकी मनाचं ज्याचं त्यालाच बघावं लागतं."

"सवय?"

"रोजच्या गोळीची नशेसारखी सवय लागत नाही. पण एकदम सोडली तर त्रास होतो, म्हणून हळूहळू कमी करतात. लहान गोळीची लागू शकते. म्हणून तर मोजून देते. तुमच्या मुलीला विचारा, मी किती चिकट आहे ते."

बाबांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. "आणि ध्यान? मी तिले बसवलं होतं."

"तुम्ही करता?"

"रोज."

"उत्तम. तुम्ही सोडू नका. पण जिला स्वतःच्या श्वासाचीच भीती बसली आहे तिला श्वास बघायला बसवू नका. तिनं सध्या उलटं करायचं. जिने चढायचे. धाप लागू द्यायची. छाती धडधडली आणि काही झालं नाही, हे शरीराला पुन्हा पुन्हा दाखवायचं. बसायचं पुढे बघू."

बाबांनी मान हलवली. बाहेर पडल्यावर गल्लीत मला म्हणाले, "बरोबर बोलून राहिली बाई." आणि चार पावलं गेल्यावर, "मी नसतं बसवलं, माहीत असतं तं."

मग आम्ही दोघं सोसायटीचे जिने चढायला लागलो. बाबा दर मजल्यावर थांबून मला विचारायचे, "धडधडते का?" मी हो म्हटलं की खूष व्हायचे. लिफ्टमधून उतरणारे लोक आमच्याकडे बघायचे. बेचैनी जात नव्हती, पण तिला काहीतरी काम मिळालं होतं. आणि कधीतरी, नक्की कोणत्या दिवशी ते सांगता येणार नाही, मला जेवणाची चव कळली. साधी मेथीची भाजी होती. मी परत वाढून घेतली आणि नवऱ्यानं बाबांकडे बघितलं.

बरं वाटायला लागलं तसा एक नवाच चाळा लागला. लहान गोळी मी आता क्वचितच घेत होते, पण ती जवळ असल्याशिवाय उंबरा ओलांडत नव्हते. पर्सच्या आतल्या कप्प्यात तिची पट्टी असायची. रिक्षात बसले की हात कप्प्यात. दुकानात शिरले की हात कप्प्यात. कोणाशी बोलतानाही बोटांनी पट्टीचा तो खडबडीत कागद चाचपत राहायचे.

बाबांना त्यांच्या जुन्या रेडिओसाठी अडॅप्टर हवा होता. "ऑनलाइन मागवू," मी म्हटलं. ते म्हणाले, "वस्तू हातात घेऊन पाहता येते का त्याच्यात?" म्हणून आम्ही बुधवार पेठेत गेलो. दगडूशेठच्या बाजूला नेहमीसारखी गर्दी, फुलांचा, उदबत्तीचा वास, दुचाक्यांचे हॉर्न, दुकानाबाहेर लटकवलेल्या स्पीकरमधून येणारी गाणी. गल्लीत शिरल्यावर सवयीनं हात कप्प्यात गेला. पट्टी नव्हती. सकाळी पर्स बदलली होती.

मला गोळी घ्यायची नव्हती. ती आहे एवढीच खात्री करायची होती. पण नाही म्हटल्यावर तळहातांना घाम सुटला. समोर औषधाचं दुकान दिसलं, मी बाबांना सोडून तिकडे धावले आणि गोळीचं नाव सांगितलं.

"चिठ्ठी?" दुकानदार म्हणाला.

"घरी आहे."

"मग घरी जा."

"एकच द्या हो. माझी नेहमीची आहे."

"नेहमीची आहे म्हणूनच चिठ्ठी लागते." त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. तो बरोबर होता, आणि त्या क्षणी मला त्याचा गळा धरावासा वाटला.

बाबांनी मला गाठलं तेव्हा मी एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसले होते. ते पूर्ण जोरात आलं होतं, अगदी पुलावर आलं होतं तसं. दुकानदार आतूनच म्हणाला, "पायरीवर बसू नका." मग तो पुढे आला, माझ्याकडे बघितलं, आत गेला आणि प्लॅस्टिकचं स्टूल आणून ठेवलं. "यावर बसा. पायरी गिऱ्हाइकांची आहे." पाण्याची बाटलीही ठेवली.

मला वाटलं आता बाबा म्हणणार, श्वास घे. ते म्हणाले नाहीत. माझ्यासमोर उकिडवे बसले, माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "मले एक सांग. क्लच म्हणजे काय असते?"

"काय?"

"तू लोकायले शिकवतेस नं? मी जिंदगीभर सायकल चालवली. क्लच काय करते?"

"बाबा, आता नाही—"

"आताच सांग. मले समजलं पाहिजे."

मी तुटक तुटक सांगायला लागले. इंजिन फिरत असतं. चाकं थांबलेली. दोन्ही एकदम जोडली तर गाडी बंद पडते. म्हणून क्लच दाबायचा. मग हळू सोडायचा. मध्येच दम संपत होता, मध्येच वाटत होतं, हेच आपले शेवटचे शब्द आणि ते क्लचबद्दल.

"पण किती सोडायचा ते कसं समजते?"

"गाडी थरथरते. आवाज बदलतो. तिथे पाय धरून ठेवायचा."

"थरथरली तं बंद नाही पडत?"

"नाही. थरथरली म्हणजे निघायला आली. लोक तिथंच घाबरतात आणि पाय एकदम काढतात. मग बंद पडते."

"आणि नाही काढला तं?"

"तर निघते."

बाबांनी पाय पुढे करून हवेत क्लच सोडून दाखवला. अगदी चुकीचा. मी म्हटलं, "टाच जमिनीवर ठेवा, बाबा. टाच उचलायची नाही." आणि हे नेहमीच्या, शिकवायच्या आवाजात म्हटलं, हे माझं मलाच ऐकू आलं. कानातलं भरलेपण उतरत होतं. स्पीकरवर कुठलं तरी आरतीचं रीमिक्स चाललं होतं, ते आत्ता ऐकू आलं. हात थंडगार होते, बाकी सगळं होतं तिथं होतं. गोळीशिवाय ते आलं होतं आणि गोळीशिवाय गेलं होतं. तोवर मला वाटायचं की मी काही केलं नाही तर ते वाढतच जाईल, वाढतच जाईल. तसं झालं नव्हतं.

दुकानदारानं विचारलं, "काही हवं होतं का, की फक्त स्टूल?"

बाबांनी खिशातून रेडिओच्या पिनचा नमुना काढला. अडॅप्टर तिथंच मिळाला. रिक्षात बसल्यावर बाबा बाहेर बघत म्हणाले, "मले वाटे, बसलीस चार दिवस तं होशील शांत. हे एवढं असते, मले नव्हतं माहीत."

ही हकीकत मी डॉक्टरबाईंना सांगितली तेव्हा त्यांनी वडिलांची फी किती म्हणून विचारलं. मग लहान गोळी आधी कमी केली आणि काही आठवड्यांनी बंदच केली. पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या परत मागून घेतल्या. मी द्यायला जरा वेळ लावला, तर हात तसाच पुढे धरून बसल्या. त्यानंतर आणखी काही काळ वाट बघायला लावून त्यांनी मला गाडी चालवायची परवानगी दिली. आधी एकटीनं नाही. आधी शिकवायचंही नाही.

नवरा शेजारी बसला. राजाराम पुलावर जायचं मीच ठरवलं. पुलाच्या मध्यावर ते आलंच. फार मोठं नाही, पण ओळखीचं. मी दुसऱ्या गिअरवर गाडी ठेवली आणि चालवत राहिले. मागून बसवाला हॉर्न मारत होता. नवऱ्यानं दारावरची मूठ धरली होती, बोटं पांढरी झाली होती. पूल संपल्यावर म्हणाला, "परत त्याच पुलावरून जायचं की वळसा घालायचा?" मी म्हटलं, परत. परत येताना काही झालं नाही, आणि काही झालं नाही याचंच मला नवल वाटत राहिलं.

मालकांना खरं सांगायचं ठरवलं. त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं.

"मग पाठ?" ते म्हणाले.

"पाठ चांगली आहे."

"आणि तेल?"

"नवऱ्याच्या गुडघ्याला लागलं."

ते हसले नाहीत. खरी काळजी वाटत होती त्यांना, आणि वाटायलाच हवी होती. "शेजारी शिकणारी बाई असताना झालं तर?"

"गाडी थांबवीन. ब्रेक माझ्याकडेही आहे. डॉक्टरांनी आता शिकवायचीही परवानगी दिली आहे, गुंगीची गोळी बंद आहे. तरी तुम्हाला नको वाटत असेल तर सांगा."

त्यांनी गाडीची किल्ली उचलली. मग स्वतःच उजवीकडे बसले आणि मला डावीकडे बसवून स्वारगेटपर्यंत जाऊन आले. मुद्दाम वाईट चालवली गाडी. मी चार वेळा ओरडले. उतरल्यावर म्हणाले, "दुपारच्या बॅच घ्या आधी. सकाळच्या गर्दीचं नंतर बघू."

त्या दुपारच्या बॅचमध्ये हिंजवडीला नोकरी करणारी एक मुलगी आली. हुशार, पण सिग्नलला थांबली की गाडी बंद पाडायची. एकदा वारज्याच्या सिग्नलला स्टिअरिंगकडेच बघत म्हणाली, "मॅडम, ॲक्चुअली मला सांगायचं होतं. मला अँग्झायटी आहे. आय मीन, प्रॉपर. मी गोळ्यांवर आहे."

"झोप आणणाऱ्या?"

"नाही. डॉक्टरांना विचारलंय मी. ड्रायव्हिंग ओके आहे म्हणाले."

"बरं केलंस विचारलंस ते. मीही गोळी घेते."

तिनं मान वळवली. "सिरियसली?"

"सिरियसली."

"मग आपल्या दोघींत नॉर्मल कोण आहे?"

"सिग्नल," मी म्हटलं. "हिरवा झालाय. चल."

बाबा उन्हाळ्याच्या आधी नागपूरला परत गेले. त्यानंतर डॉक्टरबाईंनी माझी रोजची गोळी थोडी कमी करून बघितली. मान वळवली की डोक्यात बारीक झटका बसल्यासारखं व्हायचं, आणि पायांतली ती जुनी वळवळ परत आली. मी पुन्हा डबे पुसायला लागले तेव्हा नवऱ्यानंच त्यांना फोन केला. त्यांनी गोळी होती तेवढी केली आणि म्हणाल्या, "आता आणखी हळू जाऊ. घाई कोणाला आहे?"

"मला," मी म्हटलं.

"घाईवर माझ्याकडे गोळी नाही."

मला अजून घाई आहे. कधी एकदा हे संपतं असं रोज वाटतं. मैत्रिणी म्हणतात, आता छान दिसतेस, आणि मी छानच असते, पण आत कोणीतरी सतत उभं असतं, बसत नाही. त्यानंतर दोनदा आलं ते. एकदा लग्नाच्या पंगतीत, एकदा काही कारण नसताना घरी, कपडे वाळत घालताना. दोन्ही वेळा मी होते तिथेच राहिले. पंगतीत तर जिलबी संपवली. चव लागली नाही, पण संपवली.

आज दुपारी एक नवीन बाई यायच्या आहेत. फोनवर म्हणाल्या, मला गाडी शिकायची आहे, पण आधीच सांगते, मला फार भीती वाटते, तुम्हाला वैताग येईल. मी त्यांना म्हटलं, ठरलेल्या वेळेच्या थोडं आधी या. गाडी सुरू करायची नाही. दोघी नुसत्या आत बसू.